स्पेनमधल्या खेड्यात ब्रिटिश कुटुंबाने संसार कसा मांडावा

दक्षिण स्पेनच्या मालागा प्रांतात, भूमध्य समुद्राचा किनारा आणि सिएर्रा तेहेदाचे डोंगर यांच्या मधल्या चढउताराच्या मुलखाला आक्सारकीया म्हणतात. चुन्याने पांढरी केलेली घरे, द्राक्षे, ऑलिव्ह, बदाम आणि गेल्या काही दशकांत वाढलेल्या आंब्यांच्या व अव्होकाडोच्या बागा अशी इथली वस्ती आहे, आणि तिच्यात ब्रिटिशांची संख्या मोठी आहे. त्यातले बहुतेक निवृत्तीनंतर आलेले. शाळेत जाणाऱ्या मुलांना घेऊन येणारी कुटुंबे त्या मानाने कमी. आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात लेस्टरहून इथल्या एका गावात राहायला आलो, तेव्हा आमच्या मुली पाच आणि आठ वर्षांच्या होत्या. पासपोर्ट ब्रिटिश आणि घरातली भाषा मराठी, त्यामुळे गावाने आम्हाला आधी 'लोस इंग्लेसेस', म्हणजे इंग्रज, असेच नाव दिले आणि ते आम्ही मान्यही केले. पुढे आलेल्या काही कुटुंबांना कागदपत्रांपासून गॅसच्या टाकीपर्यंत मदत करताना जे पुन्हा पुन्हा सांगावे लागले, ते इथे मांडत आहे. घर कुठले घ्यावे, यापेक्षा घरातला दिवस कसा लावावा याकडे माझा कल अधिक आहे, कारण परत गेलेली जी कुटुंबे मी पाहिली त्यांपैकी बहुतेकांचे घर उत्तम होते आणि दिवस मात्र गावाच्या दिवसाशी कधीच जुळला नाही.

आधी कागद

युनायटेड किंगडम युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्याआधी स्पेनचे रहिवासी झालेल्यांचे हक्क माघारीच्या कराराने सुरक्षित आहेत. त्यानंतर येणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला व्हिसाशिवाय कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. गावात स्वतःच्या मालकीचे घर असले तरी हा नियम बदलत नाही आणि घर विकत घेऊन निवासाचा परवाना मिळवण्याचा मार्गही एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला आहे. कुटुंबासाठी मुख्यतः दोन वाटा उरतात. पहिली, नोकरी न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहण्याच्या व्हिसाची: तीत मुख्य अर्जदाराने 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकाच्या चौपट आणि प्रत्येक अवलंबितासाठी आणखी एकपट उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते. इप्रेम महिन्याला ६०० युरो धरला, तर चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ५०,४०० युरो दाखवावे लागतात. दुसरी वाट २०२२ च्या अखेरीस आलेल्या कायद्याने उघडली. परदेशी कंपनीचे काम घरून करणाऱ्यांसाठी ती आहे आणि तिची उत्पन्नाची अट स्पेनच्या किमान वेतनाच्या दुपटीपासून सुरू होते. कोणतीही वाट धरली तरी अर्ज करण्यापूर्वी एखाद्या 'हेस्तोर'कडे जावे. हेस्तोर हा वकील नसतो. सरकारी कचेऱ्यांची कामे माफक शुल्कात करून देणारा जाणकार असतो, आणि गावातले लोकसुद्धा त्याच्याकडेच जातात.

पोहोचल्यावर ओळखपत्रासाठी, ज्याला इथे 'तिए' म्हणतात, एका महिन्याच्या आत अर्ज करायचा असतो. पोलीस ठाण्यात बोटांचे ठसे द्यायला वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि ती मिळणे सोपे नसते, म्हणून विमानाचे तिकीट काढल्याबरोबर त्या वेळेचा शोध सुरू करावा.

मात्र ज्या कागदाकडे नवखी कुटुंबे सर्वांत कमी लक्ष देतात, तोच खेड्यात सर्वांत उपयोगी पडतो. तो म्हणजे 'पाद्रोन', अर्थात गावाच्या नगरपालिकेतली रहिवाशांची नोंदवही. पासपोर्ट आणि घराचा करारनामा किंवा खरेदीखत घेऊन 'आयुंतामिएंतो'त, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, गेले की नोंद होते. शाळा, दवाखाना, ग्रंथालय, पोहण्याच्या तलावाचा सवलतीचा दर, सगळीकडे याच नोंदीचा दाखला मागतात आणि तो बहुधा तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. गावाच्या दृष्टीने या नोंदीला आणखी एक अर्थ आहे. सरकारकडून गावाला मिळणारा निधी नोंदवलेल्या डोक्यांवर ठरतो, त्यामुळे वर्षानुवर्षे राहूनही नोंद न करणारा माणूस गावाचा रस्ता आणि दिवा वापरतो, पण गावाच्या हिशेबात नसतो. नगरपालिकेतल्या बाई नोंद करताना माझ्या मुलींची नावे मोठ्याने वाचून 'आणखी दोन' असे म्हणाल्या आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता. गावाच्या शाळेचा एक वर्ग टिकायला तेवढी दोन मुलेही पुरतात, हे मला नंतर कळले. कायमचा निवास नसलेल्या बिगर-युरोपीय नागरिकांनी ही नोंद दर दोन वर्षांनी पुन्हा करायची असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी.

मराठी घरांसाठी नावाची एक वेगळी अडचण सांगते. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले बहुधा वडिलांचे आणि दुसरे आईचे, आणि बाईचे आडनाव लग्नानंतर बदलत नाही. आपले नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी आपली मांडणी समोरच्या माणसाला दोन आडनावांसारखीच दिसते. एका कचेरीत माझ्या नवऱ्याचे नाव माझे पहिले आडनाव म्हणून नोंदले गेले आणि ते दुरुस्त व्हायला पाच महिने गेले. म्हणून पहिल्या अर्जापासून नाव पासपोर्टाप्रमाणेच लिहावे, दुसऱ्या आडनावाची चौकट प्रत्येक ठिकाणी रिकामी ठेवावी आणि खिडकीपासून हलण्यापूर्वी छापलेला कागद अक्षर न् अक्षर वाचावा.

कराबद्दल थोडक्यात. कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून अधिक इथे राहिल्यास जगभरातल्या उत्पन्नावर स्पेनमध्ये विवरणपत्र भरावे लागते, ते एप्रिल ते जून या काळात. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेले आयसा खाते स्पेन करमुक्त मानत नाही. ब्रिटनमधली बँक-ठेव, गुंतवणूक किंवा घर यांपैकी कोणत्याही एका गटाची किंमत ५०,००० युरोंच्या वर असेल, तर ३१ मार्चपर्यंत 'मोदेलो ७२०' हे माहितीपत्रकही द्यावे लागते. सल्लागाराला ही गोष्ट निघण्यापूर्वी विचारावी, आल्यानंतर नव्हे.

घराचे घड्याळ

आमची पहिली आणि सर्वांत मोठी चूक जेवणाच्या वेळेची होती. इंग्लंडमध्ये मुलींना संध्याकाळी सहाला जेवू घालून साडेसातला झोपवण्याची सवय होती आणि शिस्त म्हणून तीच इथे चालू ठेवली. गावातली मुले मात्र संध्याकाळी सहाला चौकात येऊ लागतात. आमच्या मुली ताटावर बसत तेव्हा बाहेर खेळ सुरू होत असे, आणि खेळ रंगात येई तेव्हा आमच्या खिडक्या बंद होत. तीन महिने शाळेत जाऊनही त्यांना एकही मैत्रीण मिळाली नाही, तेव्हा आम्ही दोष भाषेला देत होतो. शेवटी थोरलीच्या वर्गशिक्षिकेने विचारले की मुली संध्याकाळी आजारी असतात का. त्या दिवसापासून आम्ही दिवस बदलला आणि दोन आठवड्यांत दारावर मुलींना हाका येऊ लागल्या.

तेव्हा दिवस असा लावावा. सकाळी घरी थोडेसे खाणे, अकराच्या सुमारास शाळेच्या सुट्टीत डब्यातला खाऊ, शाळा दोनला सुटल्यावर अडीच-तीनला दिवसाचे मुख्य जेवण, मग पाचपर्यंत घरात शांतता, झोप किंवा अभ्यास, साडेपाच-सहाला 'मेरिएंदा', म्हणजे पाव, फळ किंवा दूध, त्यानंतर चौक, आणि रात्री नऊला हलके जेवण. उन्हाळ्यात हे आणखी तासाभराने पुढे सरकते आणि रात्री अकराला चौकात आजीसह तीन वर्षांची मुले दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगराकडून 'तेर्राल' हा कोरडा, भट्टीसारखा वारा सुटतो, त्या दिवशी दुपारी बाहेर पडणे मुलांना खरोखरच अपायकारक असते, म्हणून या वेळापत्रकाला आळस समजू नये.

दुपारच्या शांततेचा मान राखणे हा शेजारधर्म आहे. तीन ते पाचच्या दरम्यान ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर, मोठ्या आवाजातले संगीत किंवा कोणाच्या दारावर थाप, यांतले काहीच करू नये. दुकाने दोनला बंद होतात आणि पाच-साडेपाचला उघडतात. बेकरी दुपारनंतर बहुधा उघडतच नाही, म्हणून पाव सकाळीच घ्यावा.

शब्दांचे घड्याळही वेगळे आहे. दुपारचे जेवण होईपर्यंत इथे सकाळच चालू असते, त्यामुळे दीड वाजता भेटलेला माणूस 'बुएनोस दीआस', म्हणजे शुभ सकाळ, म्हणेल. 'पोर ला तार्दे', म्हणजे दुपारनंतर, येतो असे नळदुरुस्तीवाल्याने सांगितले, तर तो पाच ते आठच्या दरम्यान येईल. दोनला वाट पाहत बसू नये. 'मान्याना' या शब्दाचा अर्थ 'उद्या' आणि 'सकाळ' असा दोन्ही होतो, म्हणून वेळ ठरवताना वार आणि तास दोन्ही बोलून घ्यावेत.

शाळा

मुलांना समुद्रकिनाऱ्यावरच्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत रोज गाडीने न्यावे की गावच्या सरकारी शाळेत घालावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब विचारते. मूल दहा वर्षांच्या आतले असेल तर माझे उत्तर निःसंदिग्धपणे गावची शाळा हेच आहे. चौदा वर्षांच्या मुलाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण सक्तीचे शिक्षण सोळाव्या वर्षी संपते आणि तोवर त्याला स्पॅनिशमधून इतिहास-विज्ञानाच्या परीक्षा द्यायला वेळ पुरत नाही.

अंदालुसियात, म्हणजे मालागा ज्या प्रदेशात येते तिथे, पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचे अर्ज १ ते ३१ मार्च या काळात भरतात, पण वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही जागा द्यावीच लागते. पाद्रोनचा दाखला, पासपोर्ट, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद घेऊन थेट मुख्याध्यापकांना भेटावे. सक्तीचे शिक्षण सहाव्या वर्षापासून असले तरी तीन ते सहा वयाचे वर्ग सरकारी शाळेत मोफत आहेत आणि गावातली जवळजवळ सगळी मुले त्यात जातात. भाषा येण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

वर्ग ठरवण्याची पद्धत समजून घ्यावी, नाहीतर पहिल्याच दिवशी वाद होतो. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुले एका वर्गात असतात. स्पेनमध्ये जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेल्या मुलाला एक इयत्ता मागे बसवले असे पालकांना वाटते. तसे नसते, त्याच कॅलेंडर वर्षातली सगळी मुले त्याच्या वर्गात असतात. इंग्लंडमध्ये वाचन चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू झालेले असल्याने मूल अक्षरओळखीत पुढे असते, आणि तो मोकळा वेळ नव्या भाषेला मिळतो.

गणितात काय बदलते ते घरी आधीच दाखवून ठेवावे. दशांशासाठी टिंब नसते, स्वल्पविराम असतो, म्हणून साडेतीन हे ३,५ असे लिहितात. भागाकारात भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडच्या चौकटीत आणि भागाकार त्याच्या खाली येतो. आपल्याकडे भाजक डावीकडे असतो, त्यामुळे आजोबांनी व्हिडिओ कॉलवर शिकवलेली मांडणी आणि शाळेची मांडणी यांत थोरलीचा गोंधळ झाला होता. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ असते. अक्षर पहिलीपासून जोडून लिहितात आणि त्याची सवय व्हायला एक सत्र लागते.

पाठ्यपुस्तके अंदालुसियात सरकारी योजनेतून मोफत मिळतात, पण ती पुढच्या मुलाला द्यायची असतात. सप्टेंबरमध्ये पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी आणून सगळी पुस्तके कव्हर घालून, नाव बाहेरच्या चिठ्ठीवर लिहून द्यावीत. जूनमध्ये पुस्तक खराब निघाले तर भरपाई मागतात.

शिक्षिकेला मुले 'सेन्यो' म्हणतात, अगदी आपल्या 'बाई' या हाकेसारखे, आणि पालकही तेच म्हणतात. पालक संघाला 'आंपा' म्हणतात. वर्गणी किरकोळ असते, ती पहिल्या महिन्यात भरावी आणि जत्रेतल्या त्यांच्या टपरीवर एक पाळी मागून घ्यावी. मी पहिल्या वर्षी तिथे रात्री नऊ ते अकरा फक्त ग्लास धुतले. माझे स्पॅनिश तेव्हा वीस वाक्यांचे होते, पण त्या दोन तासांत वर्गातल्या निम्म्या आयांना माझे नाव माहीत झाले. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट सुरुवातीला अवघड जातो, कारण त्यातले लिखाण पुस्तकी नसते. प्रत्येक संदेशाला उत्तर देण्याऐवजी रोज रात्री एकदा ते वाचून न समजलेले दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तोंडी विचारावे.

वाढदिवसाला संपूर्ण वर्गाला बोलावण्याची पद्धत आहे, पालकही थांबतात, आणि भेट बहुतेक वेळा सगळे मिळून एकच देतात. आपल्या मुलाच्या वेळी आमंत्रण सहाचे द्यावे, चारचे कधीही नव्हे.

माध्यमिक शाळा अनेकदा शेजारच्या मोठ्या गावात असते. सक्तीच्या शिक्षणाच्या वयात त्या बसचा खर्च सरकार करते, पण नाव आधी नोंदवावे लागते.

घर चालवणे

पांढऱ्या गावातले घर उन्हाळ्यासाठी बांधलेले असते. जाड भिंती, लहान खिडक्या आणि फरशी यांमुळे ऑगस्टमध्ये ते सुखाचे असते, पण जानेवारीत आत बाहेरपेक्षा गार असते, आणि ही गोष्ट ब्रिटिश पाहुण्यांना कधीच पटत नाही. सरपण ऑगस्टअखेर मागवावे. ऑलिव्ह आणि बदामाचे लाकूड हळू जळते. धुराडे दर वर्षी साफ करून घ्यावे. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, नाहीतर फेब्रुवारीत मागे बुरशी धरते.

जुन्या घरांत 'मेसा कामिया' असते: गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत पोहोचणारे जाड कापड आणि आत 'ब्रासेरो', म्हणजे पूर्वी निखाऱ्यांची शेगडी आणि आता विजेचा तापक. हिवाळ्यात सगळे कुटुंब पाय त्या कापडाखाली घालून अभ्यास, जेवण, गप्पा सगळे तिथेच करते. आमच्या घरात सर्वांत जास्त मराठी त्या टेबलाभोवती बोलली जाते. पण ब्रासेरोवर ओले मोजे सुकवू नयेत, कापडाची कड आत जाऊ देऊ नये आणि निखाऱ्यांचा ब्रासेरो बंद खोलीत मुळीच वापरू नये, कारण त्याच्या वायूने माणसे झोपेत दगावतात.

खेड्यात गॅसची नळजोडणी बहुधा नसते. साडेबारा किलोची नारिंगी 'बोंबोना' वापरतात. आधी पुरवठादाराशी करार करावा लागतो, मग रिकामी टाकी देऊन भरलेली घेता येते. टाक्यांचा ट्रक ठरलेल्या वारी येतो आणि हॉर्न वाजवतो, म्हणून घरात नेहमी दोन टाक्या असाव्यात. या टाकीचा भाव सरकार ठरवते आणि दर दोन महिन्यांनी बदलते. रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती वाचावी. जोडणीची तपासणी दर पाच वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे, पण त्यासाठी अधिकृत तंत्रज्ञाला आपण बोलवायचे असते. न बोलावता दारात येऊन गणवेश दाखवणारा, घाई करणारा आणि रोख पैसे मागणारा माणूस तपासनीस नसतो. अशाने आमच्या गल्लीतल्या दोन वृद्ध ब्रिटिश जोडप्यांकडून पैसे नेले. त्याला दारातच 'आज नको' म्हणून सांगावे आणि शेजाऱ्यांना लगेच कळवावे.

विजेच्या बिलात वापराखेरीज 'कंत्राटी क्षमता' अशी एक ओळ असते. जुन्या घराची क्षमता साडेतीन किलोवॅटच्या आसपास असेल तर ओव्हन आणि हीटर एकत्र लावताच सगळे घर अंधारात जाते. क्षमता वाढवण्यापूर्वी सवयी बदलून पाहाव्यात. सरकारी दरपत्रकाची जोडणी घेतली असेल, तर कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा वीज सर्वांत महाग असते, आणि रात्री बारा ते सकाळी आठ तसेच शनिवार-रविवारी दिवसभर सर्वांत स्वस्त. कपडे धुण्याचा दिवस म्हणून आम्ही शनिवार धरला.

पाण्याबाबत विशेष जपावे. या भागाला पाणी देणारे ला विन्युएला धरण २०२४ च्या सुरुवातीला दहा टक्क्यांच्याही खाली गेले होते आणि आक्सारकीयातल्या अनेक गावांत रात्रीचे पाणी बंद होते. पुढे पाऊस झाला, पण धरण भरले म्हणून अंगण पाइपने धुणाऱ्याकडे गाव अजूनही नाराजीने पाहते, आणि मला ते योग्यच वाटते.

घरामागे जमिनीचा तुकडा असल्यास १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात पालापाचोळा जाळू नये. वणव्याच्या धोक्यामुळे त्याला मनाई असते. फेब्रुवारीपासून पाईनच्या झाडांवर पांढऱ्या कोषांतून सुरवंटांच्या रांगा उतरतात. त्यांच्या केसांना मुलांनी हात लावू नये आणि कुत्र्याने नाक लावू नये, कारण त्याची जीभ त्यामुळे सडू शकते.

स्वयंपाक

ब्रिटनमधून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला २०२१ पासून बंदी आहे, म्हणून पाहुण्यांना चीज आणि बेकन मागवू नये. ज्या घरांत ब्रिटिश किराण्यासाठी दर आठवड्याला किनाऱ्यावर फेरी होते, त्या घरांतली मुले गावातल्या दुकानाचे शब्द शिकत नाहीत, असे मी पाहिले आहे. गावातल्या दुकानात जे मिळते त्यावर घर चालवावे, आणि मराठी घराला तर ते फार सोपे आहे. बेसन म्हणजे हरभऱ्याचे पीठ इथे माशांच्या आणि कोळंबीच्या भज्यांसाठी वापरतात, तेव्हा ते सहज मिळते. रवा मिळतो. कोथिंबीर मोरोक्कोच्या माणसाच्या दुकानात मिळते. फ्रिखिलियाना गावात आजही उसाच्या रसाची 'मिएल दे कान्या' तयार होते आणि ती चव घेताच आम्ही दोघेही एकाच वेळी 'काकवी' म्हणालो. तळलेल्या वांग्याच्या कापांवर ती घालून इथे खातात. आम्ही भाकरीबरोबर खातो. ऑगस्टअखेर डोंगरउतारावर मस्कत द्राक्षे उन्हात वाळवायला पसरतात, ते पाहून तासगावच्या माणसाला घर आठवेल, फक्त इथे मांडव नसतो, द्राक्षे थेट जमिनीवर असतात. आंबा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. तो हापूस नव्हे, पण आमरसाला पुरेसा गोड असतो, आणि शेजारी तो पेटीने देतात. रिकामी पेटी परत करताना तीत काहीतरी घालून द्यावे. आपल्याकडचाच रिवाज आहे आणि इथेही तो चालतो.

दवाखाना

पेन्शनर ब्रिटिशांना एस-वन पत्रकावर, म्हणजे त्यांच्या उपचाराचा खर्च ब्रिटन उचलतो असे दाखवणाऱ्या कागदावर, सरकारी आरोग्यसेवा मिळते. इथे नोकरी-व्यवसाय करून सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरणाऱ्याच्या कुटुंबालाही ती मिळते. बाकीच्यांना व्हिसासाठी खासगी विमा लागतो, आणि एक वर्ष पाद्रोनवर राहिल्यानंतर महिना ६० युरो भरून, वय ६५ च्या पुढे असल्यास १५७ युरो, सरकारी सेवेत येण्याचा विशेष करार करता येतो; औषधांवरची सवलत मात्र त्यात नसते. लहान गावात डॉक्टर सकाळचे काही तासच असतात. रात्री फार्मसी बंद असेल तर दारावर पाळीच्या फार्मसीचे नाव लावलेले असते. तातडीच्या वेळी ११२ लावावा. घराचा पत्ता आणि जवळची खूण स्पॅनिशमध्ये लिहून तो कागद मुलांच्या उंचीवर फोनजवळ चिकटवावा.

बोलणे आणि जाणेयेणे

दवाखान्यात, बेकरीत किंवा बँकेत रांग दिसत नाही, पण ती असते. आत जाताना सर्वांना 'बुएनास' म्हणावे आणि 'एल उल्तिमो?' म्हणजे शेवटचे कोण, असे विचारावे. कोणी हात वर करील. त्याच्या नंतर आपला नंबर. निघताना ओळख नसलेल्यांनाही 'आस्ता लुएगो' म्हणावे. ब्रिटनमध्ये अनोळखी माणसाला न बोलणे सभ्यपणाचे असते; इथे अभिवादन न करता शिरणे हा उद्धटपणा ठरतो. मुलांना हे पहिल्या आठवड्यात शिकवावे.

वयस्क माणसाला 'उस्तेद' म्हणजे अहो-जाहो करावे आणि ती व्यक्ती स्वतः 'तुतेआमे', म्हणजे मला अरे-तुरे कर, असे म्हणेपर्यंत सोडू नये. मराठी माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. इंग्रजी बोलत वाढलेल्या मुलांना मात्र सांगावा लागतो. अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' गळतो, त्यामुळे ॲपवर शिकलेले स्पॅनिश आणि कानावर पडणारे स्पॅनिश यांत अंतर असते. नगरपालिकेचे मोफत वर्ग असतील तर जावेच, पण रोज एकाच बाकावर बसणाऱ्या आजीबाईंशी दहा मिनिटे बोलण्याने मला अधिक मिळाले.

नगरपालिकेची सूचना 'बांदो' म्हणून निघते. पूर्वी ओरडून सांगत, म्हणजे दवंडीच. आता फोनवर येते. पाणी बंद, रस्ता बंद, कचऱ्याची वेळ, सगळे त्यात असते, तेव्हा त्या यादीत आपला नंबर घालून घ्यावा.

सणांपैकी मुलांसाठी ५ जानेवारीची तीन राजांची मिरवणूक सर्वांत मोठी. रथांवरून गोळ्या-चॉकलेटे फेकतात, ती झेलायला छत्री उलटी धरावी. गावातल्या मुलांच्या मोठ्या भेटी ६ जानेवारीला येतात, म्हणून ब्रिटिश घरांनी सगळे काही नाताळलाच संपवू नये, एक भेट राखून ठेवावी. वर्षअखेरच्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खातात. लहान मुलांसाठी ती सोलून, बिया काढून अर्धी करावीत, कारण घाईत ती घशात अडकतात. कोंपेता गावात १५ ऑगस्टला वाइनची रात्र असते, सायालोंगात मे महिन्यात लोक्वाट फळाचा उत्सव आणि आल्माचारमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आहोब्लांकोचा, म्हणजे बदाम-लसणाच्या थंड सुपाचा. आपल्या गावाचा संरक्षक संत कोणता आणि त्याचा दिवस कधी, हे मात्र घर घेण्यापूर्वीच माहीत असावे, कारण त्या आठवड्यात कोणतीच कचेरी काम करत नाही आणि गल्लीत पहाटेपर्यंत संगीत असते.

मृत्यूच्या प्रसंगाबद्दल ब्रिटिश कुटुंबांना कोणी सांगत नाही, म्हणून ते लिहून ठेवते. ब्रिटनमध्ये अंत्यविधीला दोन-तीन आठवडे लागतात आणि निमंत्रण असल्यासारखेच लोक जातात. इथे बहुधा एक-दोन दिवसांत दफन होते, निमंत्रण नसते, आणि ज्याची तोंडओळख आहे त्यानेही जायचे असते. चर्चची घंटा संथ, थांबून थांबून वाजू लागली की दारात येऊन शेजाऱ्यांना विचारावे कोण गेले. बेकरीच्या किंवा चर्चच्या दाराशी नाव आणि वेळ लिहिलेला कागद लागतो. आपल्याकडे समाचाराला जातात तसे 'तानातोरिओ'त, म्हणजे मृतदेह ठेवलेल्या जागी, दहा मिनिटे जावे. आमच्या समोरच्या घरातले आजोबा गेले तेव्हा, बोलावले नाही म्हणून आम्ही गेलो नाही. त्यांच्या मुलीने पुढे कधी ते बोलून दाखवले नाही, पण वर्षभर तिच्या अभिवादनात ते मला जाणवत राहिले. काळे कपडे हवेतच असे नाही. गडद रंगाचे, साधे चालतात. घरच्यांपुढे ओळीत उभे राहावे, हात हातात घेऊन 'लो सिएंतो मुचो', म्हणजे फार वाईट वाटले, असे म्हणावे आणि पुढच्या माणसाला जागा करून द्यावी.